लाडबोरीची रिंग आणि अंतराळाचे कायदे

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या दिवशी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागातील लोकांना आकाशात तेजस्वी रेघा सरकताना दिसल्या. कोणी त्यास उल्कावर्षाव म्हटले, कोणी विमानाचा अपघात, तर कोणी शत्रूचे क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची एक रिंग आकाशातून येऊन पडली. तिचे वजन चाळीस किलोंहून अधिक भरले. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातील पवनपार गावाच्या परिसरात धातूचा एक गोळा सापडला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. वस्तू पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आल्या, आणि काही दिवसांनी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, शास्त्रज्ञ येऊन त्यांची पाहणी करून गेले. कक्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या खगोल-अभ्यासकांनी निष्कर्ष काढला तो असा की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून त्या संध्याकाळी वातावरणात शिरला होता, आणि हे त्याचेच अवशेष असावेत.

अंतराळ मोहिमा, त्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय करार आणि अंतराळातील सुरक्षा हा विषय निवासी शाळेतील मुलांस कसा शिकवावा, याचा विचार करताना आम्ही आरंभ या रिंगेपासून करावयाचे ठरविले. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हा एक पाठ आहे. त्यात उपग्रहांच्या कक्षा येतात, मुक्तिवेगाचे सूत्र येते, चंद्रावरील व मंगळावरील मोहिमा येतात, आणि पाठाच्या शेवटी अवकाशातील कचऱ्याविषयी थोडका मजकूर येतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकात संयुक्त राष्ट्रे वेगळी येतात, भारताची सुरक्षा व्यवस्था वेगळी येते. परंतु या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत जे आहे, म्हणजे वर गेलेल्या वस्तूचा मालक कोण, ती खाली पडली तर जबाबदार कोण, आणि वर शस्त्र नेऊन ठेवले तर त्यास अडविणार कोण, ते कोणत्याच तासाला शिकविले जात नाही. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, हा नागरिकशास्त्राचा भाग. नागरिकशास्त्राचे शिक्षक म्हणतात, हा विज्ञानाचा. निवासी शाळेस सायंकाळच्या अभ्यासिकेची सोय असते. तिचा लाभ घेऊन पालेगावच्या आमच्या मुलांपुढे आम्ही हा विषय ज्या क्रमाने मांडतो, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने येथे लिहून ठेवीत आहोत. अन्य शाळांतील शिक्षकबंधू-भगिनींनाही तो उपयोगी पडावा.

पहिला प्रश्न मालकीचा. ‘लाडबोरीची रिंग कोणाची?’ असे विचारताच वर्गात उत्तरांची दाटी होते. ज्याच्या जागेत पडली त्याची, असे बहुतेक मुले म्हणतात. काही ग्रामपंचायतीची म्हणतात, काही सरकारची. भंगाराचा भाव विचारणारा एखादा विद्यार्थी दरवर्षी निघतोच, आणि औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वाढलेल्या मुलास तो प्रश्न पडणे स्वाभाविकही आहे. कायद्याचे उत्तर मात्र सर्वांस चकित करते. १९६७ च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार अंतराळात पाठविलेल्या वस्तूची मालकी ती वर असताना बदलत नाही, आणि पृथ्वीवर परतल्यावरही बदलत नाही. म्हणजे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवलेली रिंग ज्याने अग्निबाण सोडला त्याचीच राहते. १९६८ चा दुसरा एक करार आहे. संकटात सापडलेल्या अंतराळवीरांची सुटका करणे, त्यांस परत पाठविणे आणि अंतराळातील वस्तू परत करणे यासंबंधीचा. त्यानुसार ज्या देशात अशी वस्तू सापडेल त्याने ती सोडणाऱ्या देशास आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांस कळवावयाचे असते. मागणी आल्यास ओळख पटवून वस्तू परत द्यावयाची असते. त्यासाठी झालेला खर्च मात्र सोडणाऱ्या देशाने सोसावा लागतो, आणि वस्तू घातक असेल तर धोका दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच.

येथवर आल्यावर दुसरा प्रश्न मुलेच विचारतात. रिंग घरावर पडली असती तर? १९७२ चा उत्तरदायित्व करार याच प्रश्नासाठी झाला. त्यातील ‘प्रक्षेपक राष्ट्र’ ही संज्ञा आम्ही फळ्यावर सावकाश उलगडतो, कारण सगळा करार तिच्यावर उभा आहे. जो देश वस्तू सोडतो तो प्रक्षेपक राष्ट्र. जो दुसऱ्याकडून सोडवून घेतो तोही. ज्याच्या भूमीवरून ती सुटते तोही, आणि ज्याची प्रक्षेपण-सुविधा वापरली जाते तोही. एका वस्तूस असे अनेक धनी असू शकतात आणि नुकसान झालेला देश त्यांपैकी कोणाकडूनही संपूर्ण भरपाई मागू शकतो. वस्तू जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडून हानी झाली, तर प्रक्षेपक राष्ट्राचे उत्तरदायित्व निरपेक्ष असते. अमक्याने निष्काळजीपणा केला, हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. हानी झाली आणि वस्तू त्याची आहे, एवढे पुरे. दोन उपग्रहांची टक्कर अंतराळातच झाली, तर मात्र चूक कोणाची हे दाखवावे लागते. हा भेद का ठेवला असावा, असे विचारल्यास मुले विचार करून बरोबर उत्तर देतात. वर जाणारे दोघेही धोका जाणून गेलेले असतात. खाली अंगणात बसलेल्या माणसाने कोणताच धोका पत्करलेला नसतो.

हा करार निव्वळ कागदावर राहिलेला नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील निर्जन, बर्फाळ प्रदेशात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे विस्तीर्ण भूभागावर पसरले आणि कॅनडाला ते महिनोन्‌महिने शोधावे लागले. कॅनडाने सुमारे साठ लाख कॅनेडियन डॉलरांचा दावा मांडला. अखेर १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. ‘कॉसमॉस ९५४’ कोसळल्यानंतर दीडच वर्षाने, ११ जुलै १९७९ रोजी, अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा कोसळली. ती कोठे पडणार याची भीती तेव्हा आपल्या देशातही खेडोपाडी पसरली होती. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांस सुटीत घरी गेल्यावर ‘स्कायलॅब’ एवढाच शब्द उच्चारून पाहा, असा गृहपाठ आम्ही मुलांना देतो, आणि मुले परत येताना गोष्टी घेऊन येतात. प्रत्यक्षात तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तेथील एस्परन्स गावच्या स्थानिक प्रशासनाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासा संस्थेस चारशे डॉलरांचा दंड ठोठावला होता. तो अर्थातच थट्टेच्या अंगाने होता. परंतु त्या थट्टेत एका लहान गावाने विचारलेला प्रश्न खरा होता. भारत उत्तरदायित्व करारात सामील झाला तो याच १९७९ सालात.

आता थोडी कठीण जागा येते, आणि ती टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. लाडबोरीच्या ग्रामस्थाचे घर मोडले असते, तर त्यास स्वतः चीनकडे दावा मांडता आला नसता. करार देशादेशांमधील आहे. दावा भारत सरकारने राजनैतिक मार्गाने मांडावयाचा. सरकारने तो मांडावाच, अशी सक्ती करार करीत नाही. दुसरे असे की, याच कराराच्या सातव्या कलमानुसार प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांस झालेल्या हानीस हा करार लागू नाही. याचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा. तीच रिंग श्रीहरिकोटाहून उडालेल्या आपल्या अग्निबाणाची असती, तर लाडबोरीच्या माणसास या कराराचा काहीच आधार नव्हता. त्यास देशातील कायद्याकडे पाहावे लागले असते. आणि अंतराळातील व्यवहारांसाठी संसदेने संमत केलेला स्वतंत्र, सर्वंकष कायदा आपल्याकडे अद्याप नाही. २०१७ मध्ये विधेयकाचा एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता; २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण जाहीर झाले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे, हा धडा नागरिकशास्त्राच्या तासास यापेक्षा चांगल्या उदाहरणाने शिकविता येईल असे आम्हांस वाटत नाही.

लाडबोरीच्या घटनेला सव्वा वर्ष होते न होते तोच तिची दुसरी बाजू पुढे आली. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेड नावाच्या किनाऱ्यावर सुमारे अडीच मीटर उंचीचे एक दंडगोलाकार पात्र लाटांबरोबर वाहून आले. स्थानिक लोक गोंधळले, पोलिसांनी पहारा ठेवला. महिनाअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने सांगितले की, हा बहुधा भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग आहे. या दोन घटना आम्ही फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो. पहिलीविषयी बोलताना मुलांच्या आवाजात जो राग असतो, तो दुसरीच्या वेळी हास्यात बदलतो. त्या क्षणी थांबून आम्ही एवढेच विचारतो : ग्रीन हेडच्या शाळेतील मुलांनी आपल्याविषयी काय म्हटले असेल?

येथून मूळ कराराकडे वळणे सोपे जाते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ सोडला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या शीतयुद्धाचा तो ऐन काळ होता. ज्या अग्निबाणावर उपग्रह जातो त्याच जातीच्या अग्निबाणावर अण्वस्त्रही जाते, हे दोघांस ठाऊक होते. १९६२ मध्ये अमेरिकेने सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर अणुबाँबचा स्फोट करून पाहिला. त्यातून निर्माण झालेल्या किरणोत्साराने नंतरच्या काळात अनेक उपग्रह निकामी झाले, आणि त्यांत खुद्द अमेरिकेच्या मित्रांचेही होते. अशा अनुभवांतून २७ जानेवारी १९६७ रोजी अंतराळ करार स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आला. भारताने मार्च १९६७ मध्येच स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र १९८२ मध्ये केले. स्वाक्षरी म्हणजे साखरपुडा आणि अनुसमर्थन म्हणजे लग्न, असे सांगितले की मुले हा फरक पुन्हा विसरत नाहीत.

कराराचे पहिले कलम म्हणते की, अंतराळाचा शोध आणि वापर सर्व देशांच्या हितासाठी असावा. दुसरे कलम म्हणते की, अंतराळ, चंद्र किंवा अन्य कोणताही गोल यांवर कोणताही देश सार्वभौम हक्क सांगून, वापरून, ताबा घेऊन किंवा अन्य मार्गाने मालकी मिळवू शकत नाही. आमच्या परिसरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेताचे प्लॉट आणि प्लॉटचे टॉवर होताना मुलांनी पाहिले आहे. सातबारा हा शब्द त्यांच्या घरी रोजच्या बोलण्यातला आहे. म्हणून आम्ही त्यांच्याच भाषेत सांगतो की, चंद्राचा सातबारा कोणाच्याही नावावर नाही. वाढदिवसाची भेट म्हणून चंद्रावरील जमिनीची प्रमाणपत्रे विकणारे लोक आहेत, आणि ती विकत घेणारेही आहेत. त्या कागदास शोभेच्या कागदाहून अधिक मोल नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा तेथे भारताने विज्ञानाचा अधिकार मिळविला, जमिनीचा नव्हे. तेथील खनिजे आणि बर्फ कोणी काढून न्यावे, यावर मात्र आज जगात एकमत नाही. १९७९ चा चंद्र करार त्यास मानवजातीचा समाईक वारसा म्हणतो. परंतु त्यात फार थोडे देश सामील झाले. भारताने त्यावर स्वाक्षरी केली, अनुसमर्थन केले नाही. जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने तयार झालेल्या आर्टेमिस समझोत्यावर स्वाक्षरी केली, आणि त्यात काढलेल्या साधनसंपत्तीच्या वापरास वाव दिलेला आहे. साखरपुडा एकीकडे आणि पुढची बोलणी दुसरीकडे, असे एका मुलीने म्हटले होते. आम्ही तिला खोडून काढले नाही.

‘सर्व देशांच्या हितासाठी’ हे शब्द पोकळ वाटू नयेत म्हणून भारताच्या अंतराळ कार्याची पहिली पाने उघडावी लागतात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला संशोधन-अग्निबाण सुटला, तेव्हा अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यावरील उपकरण फ्रान्सचे. १९६८ मध्ये ते केंद्र संयुक्त राष्ट्रांस अर्पण करण्यात आले. विक्रम साराभाईंच्या त्या आरंभीच्या मंडळीत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, पुण्याचे प्रमोद काळे होते. पुढे पुण्याचेच वसंत गोवारीकर घन इंधनाच्या कामात अग्रणी ठरले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रयोगाची धुरा चिटणीसांकडे होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना परक्या देशाचा उपग्रह आपल्या खेड्यातील अंगणात बातमी आणून देतो, हेही अंतराळ सुरक्षेचेच एक प्रकरण आहे असे आम्ही मानतो. आणि हे सारे दूरचे नाही. अग्निबाणांत वापरले जाणारे विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होते, म्हणजे अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्याच वाटेवर. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे घडली आहेत.

शस्त्रांविषयीचे चौथे कलम आम्ही मुलांकडून शब्दशः वाचून घेतो, कारण त्यात जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते महत्त्वाचे आहे. अण्वस्त्रे किंवा अन्य सर्वसंहारक शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवू नयेत, चंद्रावर वा अन्य गोलांवर बसवू नयेत, असे ते कलम सांगते. चंद्र व अन्य गोल केवळ शांततामय कार्यासाठी वापरावेत, तेथे लष्करी तळ उभारू नयेत, असेही सांगते. परंतु साध्या, अण्वस्त्र नसलेल्या शस्त्रावर कक्षेत बंदी नाही. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून वरचा उपग्रह फोडण्यावर बंदी नाही. दुसऱ्या देशाच्या उपग्रहाजवळ आपला उपग्रह नेऊन ठेवण्यावर नाही, त्याचे संदेश गोंधळात टाकण्यावरही स्पष्ट बंदी नाही. कुंपणाला एक मजबूत फाटक लावावे आणि शेजारची बाजू मोकळी सोडावी, तसे हे झाले आहे.

उपग्रह फोडल्याने काय बिघडते, हे समजण्यास गणित लागते. ८०० किलोमीटर उंचीवर फिरणारा तुकडा सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर जातो. अंबरनाथ ते मुंबई हे सुमारे ६० किलोमीटर अंतर लोकलला सव्वा-दीड तास लागणारे. तो तुकडा ते आठ सेकंदांत कापतो. दोन वस्तू वेगवेगळ्या दिशांनी येऊन भिडल्या, तर सापेक्ष वेग सेकंदाला दहा किलोमीटरही असू शकतो. अशा वेगाच्या अवघ्या दहा ग्रॅम तुकड्याची गतिज ऊर्जा मुलांनी स्वतः काढावी. उत्तर पाच लक्ष जूल येते, म्हणजे एक टन वजनाची मोटार ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेगाने येऊन आदळावी तेवढी. एका टकरीतून शेकडो तुकडे, त्या तुकड्यांतून पुढच्या टकरी, ही साखळी अमेरिकेच्या डोनाल्ड केस्लर यांनी १९७८ मध्येच मांडून दाखविली होती. १० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा ‘इरिडियम’ मालिकेतील चालू उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला ‘कॉसमॉस’ उपग्रह एकमेकांवर आदळले, तेव्हा ती भीती पुस्तकातून बाहेर आली.

समाईक वस्तूचे काय होते, हे समजावयास आमच्या मुलांना अंतराळात जावे लागत नाही. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या कुशीतून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. तिच्यात कारखान्यांचे रसायन आणि वस्त्यांचे सांडपाणी किती मिसळले आहे, हे पुलावरून जाताना नाकालाच कळते. वरच्या अंगाला ज्याने टाकले त्याला खालच्या अंगाला राहणाऱ्याची ओळखदेख नसते, आणि नदी कोणा एकाची नसल्यामुळे कोणी एक जण जाब विचारीत नाही. कक्षा ही तशीच एक वाहती जागा आहे. फरक इतकाच की, नदीत टाकलेले निदान एका दिशेने वाहून जाते. कक्षेत टाकलेले दर दीड तासाने परत त्याच वाटेने येते.

आता मुख्य प्रसंग. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपलाच एक जुना हवामान उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. नोंद ठेवता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यांतील बरेच आजही फिरत आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेने आपला एक बिघडलेला उपग्रह कमी उंचीवर पाडला. २७ मार्च २०१९ रोजी भारताने ‘मिशन शक्ती’ या नावाने, ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडून आपलाच ‘मायक्रोसॅट-आर’ हा उपग्रह सुमारे २८० किलोमीटर उंचीवर भेदला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने ‘कॉसमॉस १४०८’ फोडला. दीड हजारांहून अधिक तुकड्यांची नोंद झाली आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांना, त्यांत रशियाचेही होते, आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला.

यांतील तिसरी चाचणी शिकविताना शिक्षकाची कसोटी लागते. अंबरनाथ हे आयुध निर्माणीचे गाव आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळाही येथेच आहे, आणि ‘मिशन शक्ती’ हे त्याच संघटनेचे कार्य होते. आमच्या काही मुलांच्या घरचे लोक अशा ठिकाणी कष्ट करतात. त्यांचा अभिमान खरा आहे, आणि तो दुखविण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून आम्ही आधी भारताची बाजू पूर्ण मांडतो. शेजारी देशाने बारा वर्षांपूर्वी ही क्षमता दाखविली होती. आपले दळणवळण, हवामान, टेहळणी आणि दिशादर्शन यांचे उपग्रह उघडे होते. चाचणीसाठी मुद्दाम कमी उंची निवडली गेली, जेणेकरून तुकडे लवकर वातावरणात जळून जावेत. चीनच्या चाचणीशी तुलना करता हा विवेक निश्चितच मोठा होता. त्यानंतर आम्ही दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगतो. तुकडे काही आठवड्यांत खाली येतील असे सरकारने सांगितले होते, आणि बहुतेक आलेही. परंतु आघाताने काही तुकडे वर भिरकावले गेले, अंतराळ स्थानकाच्या उंचीच्याही पलीकडे गेले, आणि त्यांतील काही वर्षाहून अधिक काळ टिकले. फोडलेल्या वस्तूचे तुकडे कोणत्या दिशेने जातील हे फोडणाऱ्याच्या इच्छेवर ठरत नाही. चीनच्या रिंगेस लावलेला प्रश्न आपल्या तुकड्यांस लावताना ज्याचा आवाज खाली जातो, त्याला प्रश्न अजून समजलेला नाही, असे आमचे मत आहे. आणि ते आम्ही वर्गात लपवीत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव आला. उपग्रह फोडणाऱ्या अशा थेट चाचण्या यापुढे करणार नाही, अशी प्रतिज्ञा सर्व देशांनी करावी, असा त्याचा आशय. १५५ देशांनी अनुकूल मत दिले, ९ देशांनी विरोध केला, त्यांत रशिया आणि चीन होते. आणि ९ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. ऐच्छिक प्रतिज्ञेपेक्षा सर्वांस कायद्याने बांधणारा आणि पडताळता येणारा करार हवा, ही भारताची जुनी भूमिका आहे. या मतावर आम्ही वादसभा घेतो. एक गट म्हणतो, कराराची वाट पाहत बसलो तर तोवर आकाश भरून जाईल. दुसरा म्हणतो, ज्यांनी हजारो तुकडे आधीच सोडले त्यांनी आता इतरांस शपथ घ्यावयास सांगणे म्हणजे पोट भरल्यावर उपवासाचे व्रत सांगणे होय. गेल्या खेपेस निर्णय देण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही पहिल्या गटाच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या गटाचे समाधान झाले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातील अर्धे बळ आम्हांसही मान्य होते. एप्रिल २०२४ मध्ये तर अण्वस्त्रे कक्षेत न ठेवण्याच्या जुन्याच बंधनाचा पुनरुच्चार करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला. तेरा सदस्यांनी अनुकूल मत दिले, चीन तटस्थ राहिला आणि रशियाने नकाराधिकार वापरला. नकाराधिकार म्हणजे काय, हे त्या दिवशी वेगळे शिकवावे लागले नाही. त्याच महिन्यात इस्रोने २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी आणि खासगी, कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मुलांच्या वह्यांत या दोन नोंदी एकाखाली एक आहेत.

अखेरचा तास लेखी अभ्यासाचा असतो. मुलांनी कल्पना करावी की, अशी एखादी वस्तू पालेगावच्या माळावर पडली आहे आणि एका कुटुंबाचा गोठा मोडला आहे. प्रथम काय करावे? हात लावू नये, कारण अग्निबाणाच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. लहान मुलांना आणि गुरांना दूर ठेवावे. वेळ टिपून घ्यावी, दुरून छायाचित्र काढावे, पोलिसांस कळवावे, तुकडा घरी नेऊ नये वा भंगारात देऊ नये. मग तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. त्यानंतर अर्ज लिहावयाचा, आणि येथे बहुतेक मुले अडखळतात, कारण अर्ज कोणाच्या नावे लिहावा हेच कळत नाही. काही जण चीनच्या राजदूतांस लिहितात, काही इस्रोच्या अध्यक्षांस. बरोबर पत्ता भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. पत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जावे, त्यास पंचनाम्याची प्रत जोडावी, आणि वस्तू कोणत्या देशाची आहे हे ठरविण्यासाठी इस्रोकडे तपासणीची विनंती करावी. मजकुरात घटनेची तारीख ठळक लिहावी. उत्तरदायित्व कराराच्या दहाव्या कलमानुसार दावा मांडण्यास एक वर्षाची मुदत आहे, आणि ती हानी झाल्याच्या दिवसापासून, किंवा वस्तू कोणाची हे कळल्याच्या दिवसापासून मोजली जाते.